कानसेनांची पत्रं : चेलोवाला आर्थर रसेल

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी आर्थर रसेलचं नाव घेतलं होतं. जेमतेम एक ओळ. त्या ओळीवर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या वेळेसाठी बाजूला ठेवले आहेत. ज्यांनी बीथोवनच्या चौकड्यांबद्दल (चार तंतुवाद्यांच्या रचनांबद्दल) विचारलंय, त्यांनी महिनाभर दम धरावा. बीथोवन कुठे पळून जात नाही.

प्रश्न : कान्ये वेस्टच्या ‘थर्टी अवर्स’ या गाण्यामागे पाण्याखालून आल्यासारखा एक आवाज सतत घोळत राहतो. मुलाने शोधून सांगितलं की तो आर्थर रसेल नावाच्या चेलोवादकाच्या ‘आन्सर्स मी’मधला तुकडा आहे. मूळ गाणं ऐकलं आणि आता दुसरं काही लावावंसंच वाटत नाही. पण रागही येतो. मी आयुष्यभर पाश्चात्त्य संगीत ऐकत आलोय, मग हे नाव कानावर कसं आलं नाही? हा माणूस १९९२मध्येच गेला म्हणे. त्याच्यावर अन्याय झाला का?

उत्तर : तुम्ही ऐकलं नाहीत, पण ऐकायला होतं तरी किती? हयातीत त्याच्या स्वतःच्या नावाने निघालेल्या ध्वनिमुद्रिका एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात: १९८३ची ‘टॉवर ऑफ मीनिंग’, १९८४ची ‘इन्स्ट्रुमेंटल्स’, १९८६ची ‘वर्ल्ड ऑफ एको’. पहिलीच्या निघाल्या ३२० प्रती. तुम्हाला भेटलेलं ‘आन्सर्स मी’ तिसरीतलं.

अन्याय हा शब्द मात्र मी जपून वापरेन. रसेल दुर्लक्षित होता असं आपण म्हणतो, तेव्हा एका खोलीत बसून कुढणारा कलावंत डोळ्यांपुढे येतो. तसं काही नव्हतं. जन्म १९५१चा, आयोवा राज्यातल्या ऑस्कलूसा या छोट्या गावातला. पोरवयात घर सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तिथे एका बौद्ध कम्यूनमध्ये राहिला. तिथे चेलोला फारशी मोकळीक नव्हती, म्हणून कपाटवजा अडगळीच्या जागेत शिरून रियाज करायचा. तिथेच अ‍ॅलन गिन्सबर्गशी गाठ पडली आणि कवी म्हणतोय, हा चेलोवर साथ करतोय, अशी जोडी जमली. १९७३ साली न्यूयॉर्कला आला. पुढे ईस्ट व्हिलेजमध्ये बाराव्या रस्त्यावरच्या ज्या इमारतीत त्याने मुक्काम टाकला, तिथेच गिन्सबर्ग राहत होता. काही काळ रसेलच्या घरातली वीज गिन्सबर्गच्या घरातून ओढलेल्या वायरवर चालायची.

आता ‘दुर्लक्षित’ माणसाचं पुढचं ऐका. १९७४-७५ साली तो ‘द किचन’ या न्यूयॉर्कमधल्या कलामंचाचा संगीत-संचालक होता. त्या काळात तिथल्या प्रयोगशील संगीताचं हे देऊळच म्हणा. तिथे त्याने मॉडर्न लव्हर्स या रॉक बँडला बोलावलं आणि सोवळ्यातल्या मंडळींच्या भुवया उंचावल्या. बॉब डिलनला हेरणाऱ्या जॉन हॅमंडने त्याची गाणी मुद्रित करून पाहिली. संगीतकार फिलिप ग्लासच्या लेबलने ‘टॉवर ऑफ मीनिंग’ काढली. १९७८ साली ‘डायनासॉर’ या नावाने त्याने ‘किस मी अगेन’ हे डिस्को गाणं केलं, त्यात गिटारवर टॉकिंग हेड्सचा डेव्हिड बर्न आहे. ‘लूझ जॉइंट्स’ या नावाने केलेल्या ‘इज इट ऑल ओव्हर माय फेस’वर १९८०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या पॅरडाइज गराज या नाइटक्लबमध्ये माणसं घामाघूम होऊन नाचत होती, कारण तिथल्या लॅरी लेव्हान या डीजेने त्या गाण्याचं आपलं वेगळं मिक्स केलं होतं.

म्हणजे त्याला ओळखणारे शेकड्यांनी होते, फक्त एकमेकांना ओळखत नव्हते. गराजमध्ये नाचणाऱ्याला ‘किचन’चा पत्ता माहीत नव्हता, आणि किचनमध्ये मांडी घालून बसणाऱ्याला डिस्को म्हणजे बाजारू वाटायचं. शिवाय हा पठ्ठ्या दर वेळी नवं नाव लावायचा: डायनासॉर, लूझ जॉइंट्स, डायनासॉर एल, इंडियन ओशन. मी स्वतः ‘गो बँग’ हे गाणं डायनासॉर एलचं म्हणून किती तरी काळ ऐकत होतो. तबकडीवरच्या नावावरून मला वाटायचं, हा कुठला तरी सात-आठ जणांचा धमाल क्लब-बँड असणार. त्यामागचा माणूस आणि अंधारात एकटा चेलो घेऊन पुटपुटणारा माणूस एकच, हे कळायला एका पुनर्मुद्रित संचाच्या कव्हरवरचा बारीक टाइपातला मजकूर वाचावा लागला. २००४ साली असे संच लागोपाठ आले आणि तेव्हा कुठे त्याचे वेगवेगळे चाहते पहिल्यांदा एका रांगेत उभे राहिले.

‘काळाच्या पुढे होता’ असं त्याच्याबद्दल लिहायची एक सोयीची पद्धत आहे. मला ती पटत नाही. तो काळाच्या पुढे वगैरे नव्हता, त्याच काळात अगदी मधोमध होता. ‘गो बँग’ ऐका, १९८२चं न्यूयॉर्क नाकात शिरतं. गडबड अशी की तो एकाच वेळी चार दुकानांत होता, आणि चारही दुकानदारांना वाटत होतं की हा आपला अर्धवेळ नोकर आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती सहसा तळटिपेत जाते. रसेल ४ एप्रिल १९९२ला एड्सने गेला, चाळिशीत. ‘टॉवर ऑफ मीनिंग’चा वाद्यवृंद ज्याने चालवला आणि ‘गो बँग’मध्ये ज्याचा गळा ऐकू येतो, तो ज्युलियस ईस्टमन १९९०मध्ये गेला. लॅरी लेव्हान १९९२च्याच नोव्हेंबरात. कारणं वेगवेगळी असतील, पण जे पुढे वीस वर्षं मुलाखतींतून ‘अरे, आमच्यात एक आर्थर होता’ म्हणत राहिले असते, त्यातले बरेच जण उरलेच नाहीत. संगीताची कीर्ती अशाच तोंडी आठवणींवर जगते. तुमच्या कानापर्यंत नाव आलं नाही त्याचं हे कारण मला ‘अन्याया’पेक्षा जास्त खरं वाटतं.

प्रश्न : रसेल उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे शिकला होता असं वाचलं. मग त्याच्या चेलोत राग शोधायचे का? मला ‘वर्ल्ड ऑफ एको’मध्ये काही ठिकाणी भीमपलासीचा भास झाला.

उत्तर : कॅलिफोर्नियात सॅन राफेल इथे खाँसाहेबांचं जे संगीत महाविद्यालय आहे, तिथे तो विद्यार्थी होता, हे खरं. भीमपलासीचा भास मात्र तुमच्याकडेच ठेवा. रागाचं चलन पाळण्याच्या फंदात तो कधी पडला नाही, आणि उगाच आपला झेंडा तिकडे रोवण्याची आपल्याला हौस फार.

शोधायचंच असेल तर सूर धरून ठेवण्यात शोधा. चेलोची मोकळी तार तो खर्जासारखी चालू ठेवतो आणि तिच्यावर एकच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा, दर वेळी किंचित वाकवून घेतो. पुढच्या भागाची घाई नाही, समेचीही नाही. हे त्याने खाँसाहेबांच्या वर्गात उचललं की ग्लासच्या पिढीच्या पुनरावृत्तीवाल्या संगीतातून, की ध्यानाला बसताना म्हणायच्या मंत्रांतून, हे वेगळं काढता येणार नाही. तिन्ही त्याच्या आयुष्यात एकाच सुमारास आले होते.

प्रश्न : मी चेलो शिकते. सरांना ‘वर्ल्ड ऑफ एको’ ऐकवलं तर म्हणाले, ‘हा खरखराट म्हणजे गज चालवता न येणाऱ्याचं लक्षण.’ मला तर तोच खरखराट आवडतो. तो आवाज येतो कसा आणि तो चुकीचा आहे का?

उत्तर : सर जे सांगतात ते तुझ्या परीक्षेपुरतं ऐक. आता आवाजाबद्दल.

गजाला घोड्याचे केस ताणून बसवलेले असतात, त्यांना राळ लावलेली असते. राळेमुळे केस तारेला चिकटतात, तिला बाजूला ओढत नेतात, ताण सोसवेनासा झाला की तार सुटते आणि मागे झेपावते, पुन्हा चिकटते. चिकटणं आणि सुटणं हे नियमाने होत राहिलं की सूर लागतो. चेलोच्या सगळ्यात वरच्या मोकळ्या तारेवर हे सेकंदाला साधारण २२० वेळा होतं, सगळ्यात खालच्या तारेवर ६५ वेळा. गजाचा दाब, वेग आणि तो घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्यापासून) किती अंतरावर टेकलाय, या तिघांचं गणित जमलं की तार शहाण्यासारखी वागते. दाब वाढवून वेग कमी केलास तर सुटण्याची वेळ चुकते, तार वेड्यावाकड्या हिसक्यांनी सुटते आणि तुझ्या सरांना न आवडणारा तो करकराट येतो. गज घोडीच्या अगदी जवळ नेलास तर मूळ सूर मागे पडून वरचे स्वरांश पुढे येतात, काचेवर नख ओढल्यासारखे. उलट गज बोटं दाबायच्या पट्टीकडे सरकवलास की बासरीसारखा पोकळ, मऊ आवाज. यातलं काहीच रसेलने शोधून काढलेलं नाही. बार्टोकच्या चौकड्या वाजवणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं.

रसेलने केलं ते वेगळं. एरवी ध्वनिमुद्रक ज्या आवाजांना झाकायचा प्रयत्न करतो, म्हणजे केस तारेला टेकतानाची खरखर, बोट उचलतानाची टिचकी, त्या सगळ्यांना तो विजेवर चढवतो आणि प्रतिध्वनीच्या यंत्रातून पाठवतो. खरखर एकदा ऐकू येते, मग परत येते, मग तिच्यावर पुढची खरखर बसते. बघता बघता त्यातून ताल तयार होतो. ‘वर्ल्ड ऑफ एको’त ढोल नाही, ड्रम नाही, तरी ‘लेट्स गो स्विमिंग’ ऐकताना पाय हलतो तो या खरखरीमुळे. तेच गाणं त्याने ताल-वाद्यांसकट नाचासाठीही काढलं होतं, तेही १९८६सालीच. दोन्ही लागोपाठ लाव. ड्रमचं काम कुठल्या कुठल्या ठिकाणी गजाने उचललंय ते तुला सरांपेक्षा आधी कळेल, कारण तुझे हात ते करू शकतात.

अजून एक. तो गातो कसा ते बघ. पुरुषाच्या आवाजाचा पल्ला चेलोच्या पल्ल्यात सहज मावतो. रसेल आपला गळा आणि गज दोन्ही एकाच जागेत ठेवतो आणि वर दोघांवर एकच प्रतिध्वनी पांघरतो. ‘लकी क्लाउड’मध्ये असे क्षण आहेत की शब्द संपला कुठे आणि तार सुरू झाली कुठे ते सांगता येत नाही. शब्दातली व्यंजनं आधी विरघळतात, स्वर उरतात, आणि त्या स्वरांना चेलो उचलून पुढे नेतो. गज चालवता न येणाऱ्याला हे जमत नाही, एवढं सरांना माझ्या नावावर सांगितलंस तरी चालेल.

प्रश्न : रसेलच्या मृत्यूनंतर त्याचे अल्बम निघतच आहेत. त्याने स्वतः जे पूर्ण केलं नाही ते दुसऱ्यांनी जुळवून विकणं योग्य आहे का? ही त्याची गाणी म्हणायची की त्यांची? आणि मी नवखी आहे, सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुमचे दोन प्रश्न वाटले तरी माझ्या लेखी तो एकच आहे.

रसेलला ‘झालं’ म्हणता येत नसे. मागे हजारावर टेप राहिल्या. एकाच गाण्याचे चाळीस मिक्स त्यात सापडले. त्याची एक सवय होती, ताजा मिक्स कॅसेटवर घ्यायचा, वॉकमन लावायचा आणि हडसन नदीच्या काठाने चालत सुटायचं. परत यायचं ते ‘हे असं नको’ म्हणतच. रफ ट्रेड या लेबलने त्याला अल्बम करायला सांगितला, वर्षं गेली, अल्बम काही हातात पडला नाही. याला परिपूर्णतेचा ध्यास म्हणायची रीत आहे, पण मला तसं वाटत नाही. परिपूर्णता हवी असलेला माणूस एका दिशेने जातो. हा दर वेळी वेगळ्या दिशेने निघायचा. चाळीसपैकी कुठलाही मिक्स आधीच्याची सुधारणा नव्हता, ती चाळीस वेगळी हवामानं होती. गाणं संपवणं म्हणजे त्यातली एकोणचाळीस मारणं, आणि ते त्याच्या जिवावर यायचं.

मग मृत्यूनंतर ते कुणी तरी केलं. आधी ‘अनदर थॉट’ आला, ग्लासच्या पॉइंट म्युझिककडून. २००४ साली ऑडिका या लेबलच्या स्टीव्ह नुट्सनने रसेलचा जोडीदार टॉम ली याच्या साथीने ‘कॉलिंग आउट ऑफ कॉन्टेक्स्ट’ काढला. २००८ला ‘लव्ह इज ओव्हरटेकिंग मी’, त्यात तर आयोवाच्या मक्याच्या शेतातून आल्यासारखी साधी, गिटारवरची गाणी, २०१९ला ‘आयोवा ड्रीम’. ही माणसं लुटारू नाहीत. टॉम लीने त्या टेप वर्षानुवर्षं जपल्या नसत्या तर आज तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतं. पण निवड त्यांची आहे. चाळिसातला कुठला मिक्स, कुठल्या गाण्यानंतर कुठलं, कुठल्या संचात कुठला रसेल: एकात डिस्कोवाला, एकात लोकगीतवाला, एकात एकाकी चेलोवाला. जिवंतपणी जो माणूस कप्प्यांत मावायला तयार नव्हता, त्याची मरणोत्तर कप्प्यांनुसार मांडणी झाली आहे. मला हे खटकतं. ते संच मी तरीही आवडीने ऐकतो, हेही खरं.

योग्य की अयोग्य हे मी फार ताणणार नाही. त्याने टेप जाळल्या नाहीत. जाळायला सांगितल्याचंही कुणी म्हणत नाही. सगळा ऐवज २०१६पासून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या प्रयोगकलांच्या शाखेत आहे, हे मात्र मला उत्तम वाटतं. अल्बममध्ये एक निवड बंद होते, ग्रंथालयात चाळीसही शिल्लक राहतात.

म्हणून सुरुवात ‘वर्ल्ड ऑफ एको’पासून करा, जरी सगळे तुम्हाला ‘अनदर थॉट’पासून करा म्हणतील. ‘अनदर थॉट’ सोपा आहे, त्यातलं ‘अ लिटल लॉस्ट’ कुणालाही पहिल्या झटक्यात आवडतं, आणि ‘धिस इज हाउ वी वॉक ऑन द मून’ तर भल्याभल्यांना डोलायला लावतं. पण ‘वर्ल्ड ऑफ एको’ हा असा अल्बम आहे की ज्यावर स्वतः रसेलने हात ठेवून ‘जाऊ दे बाहेर’ म्हटलं. ‘झालं’ म्हणताना या माणसाला नेमकं काय ऐकू येत होतं, ते एकदा कानात बसलं की मग बाकीच्या संचांत कुठे तो आहे आणि कुठे मागून नीटनेटकं केलेलं आहे, ते आपोआप जाणवायला लागतं. पहिल्यांदा ऐकताना गाणी सुटी सुटी करू नका. मध्येच कंटाळा येईल, येऊ द्या. नंतर थेट ‘कॉलिंग आउट ऑफ कॉन्टेक्स्ट’कडे उडी मारा आणि ‘दॅट्स अस / वाइल्ड कॉम्बिनेशन’ लावा. लोकगीतं शेवटी.

प्रश्न : रसेलसारखे विस्मरणात गेलेले आणखी चेलोवाले सांगा. थोडक्यात चालेल.

उत्तर : थोडक्यातच. टॉम कोरा ऐका, गिटारवादक फ्रेड फ्रिथबरोबर ‘स्केलेटन क्रू’ या बँडमध्ये होता, चेलो वाजवता वाजवता पायाने घरगुती ताल-यंत्रं चालवायचा. १९९८ला गेला.

आणि अब्दुल वदूद. क्लीव्हलँडचे. जॅझमध्ये चेलो म्हणजे शोभेची वस्तू असा समज होता, तो त्यांनी मोडला. सॅक्सोफोनवादक ज्युलियस हेम्फिलच्या १९७२च्या ‘डोगॉन ए.डी.’त अख्ख्या बँडचं जू त्यांच्या चेलोच्या खांद्यावर आहे. १९७७ साली त्यांनी ‘बाय मायसेल्फ’ हा निव्वळ एकट्या चेलोचा अल्बम स्वतःच्याच बिशारा या लेबलवर काढला. तो बरीच वर्षं फक्त संग्राहकांच्या हाती फिरत होता, २०२३मध्ये पुन्हा निघाला. वदूद २०२२च्या ऑगस्टमध्ये गेले. रसेलमध्ये गज विरघळतो, वदूदांमध्ये बोटं बोलतात: गज बाजूला ठेवून तारा अशा छेडतात की एकाच वेळी डबल बास आणि गिटार चालू आहे असं वाटावं. ‘कमिल’पासून सुरू करा. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर मात्र नको, चेलोच्या खालच्या तारेचा मूळ सूर त्यातून नीट येतच नाही, आणि वदूदांचा अर्धा जीव त्या तारेत आहे.